काट्याचे हात

कारखान्यात त्याला सगळे ‘काटा’ म्हणत. अंगाने तो चांगला जाडजूड होता, त्यामुळे नाव काही अंगावरून पडलेलं नव्हतं. ते पडलं स्पीडोमीटरच्या काट्यावरून. नोकरीच्या पहिल्याच वर्षी जोडणी विभागातल्या टवाळांनी एका मोटरसायकलच्या स्पीडोमीटरवर चिकटपट्टी लावली आणि म्हणाले, “आण पळवून. आणि कुठे किती वेग होता ते सांग बघू.” तो रेल्वे फाटकापर्यंत जाऊन आला. हेल्मेट काढता काढता म्हणाला, “फाटकाआधीच्या सरळ रस्त्यावर ब्याऐंशी. येताना वारा समोरून होता, शहात्तरच्या पुढे गेली नाही.” त्याच्या मागोमाग दुसऱ्या गाडीवरून आकडे बघत गेलेल्या माणसाने तोंडाचा आ केला. दोन्ही आकडे बरोबर होते.

“कसं काय ओळखलंस?”

“हाताला कळतं,” तो म्हणाला. त्याला स्वतःलाही याहून जास्त काही सांगता आलं नसतं.

तेव्हापासून तो चाचणी विभागात होता. काम ऐकायला सोपं. नवी गाडी घ्यायची, रोज दोनशे चाळीस किलोमीटर चालवायची, परत येऊन वहीत शेरा लिहायचा. वाटही ठरलेली. नदीकाठचा रस्ता, मग दोन टेकड्यांची वळणं, मग दुतर्फा झाडं असलेला लांबच लांब सरळ पट्टा, आणि शेवटी शहरातली गर्दी. काट्याचे शेरे दोनतीन शब्दांचे असत. ‘तिसऱ्यात कुरकुर.’ ‘मागचा ब्रेक रडतो.’ पण त्या दोनतीन शब्दांवर आराखडा विभागातली माणसं आठवडाभर कामाला लागायची.

आराखडा विभागात त्याचा एकच खरा मित्र. वयाने बरोबरीचा, कानामागे कायम पेन्सिल खोचलेला. पुढे तो मुख्य अभियंता झाला आणि सगळे त्याला ‘मोठे साहेब’ म्हणू लागले, पण सुरुवातीची कितीतरी वर्षं तो काट्याच्या घरी आठवड्यातून दोनदा तरी जेवायला असे. एकटा जीव, खोलीवर राहायचा. काट्याची बायको पुढच्या खोलीत शिलाई करायची. शाळेचे गणवेश, पडदे, खुर्च्यांची कव्हरं. ती त्याला भाऊजी म्हणायची आणि तो आला की मशीनवरचे कपडे उचलून त्याला बसायला जागा करायची. जेवण झालं की हा माणूस उष्ट्या हातानेच ताटलीवर इंजिनाची चित्रं काढायचा.

त्यातलंच एक चित्र पुढे साडेतीनशे सीसीची गाडी झालं.

तोवर कारखाना एका सिलिंडरच्या गाड्या बनवत होता. मजबूत, भोळ्या, दम खात चालणाऱ्या. लोकांना आता जरा मोठी, जरा रुबाबदार गाडी हवी होती, पण फार मोठी नको, परवडायला हवी. साहेबांनी दोन सिलिंडर शेजारी शेजारी उभे केले. एकदा कॅन्टीनमध्ये काट्याला समजावून सांगताना त्यांनी दोन्ही मुठी टेबलावर ठेवल्या आणि एकदमच वर-खाली करायला लागले.

“हे दोन पिस्टन, दोन दट्टे. दोघं बरोबर वर जाणार, बरोबर खाली येणार. पण स्फोट होणार आळीपाळीने. एकदा ह्याच्यात, एकदा त्याच्यात. मग आवाज कसा येईल? एकसारखा, गोल. एकच कार्ब्युरेटर दोघांना पुरतो. भाग कमी, बिघाड कमी.”

“आणि दोघं बरोबर खाली आपटले की?” काट्याने विचारलं. साहेबांच्या मुठींनी टेबल हललं होतं आणि त्याचा चहा बशीत सांडला होता.

“त्यासाठी दुसऱ्या बाजूला वजन आहे ना, दट्टे फिरवतात त्या मुख्य दांड्यावर. निम्मा धक्का ते खातं.”

“आणि निम्मा?”

“निम्मा तू खा,” साहेब म्हणाले, आणि दोघंही हसले.

साडेतीनशेची थरथर खरंच सोसण्यासारखी होती. गाडी रस्त्यावर आली आणि लोकांनी ती डोक्यावर घेतली. आवाज तर असा की गल्लीच्या टोकाला कोण वळलं ते घरात बसून कळावं. तक्रार एकच यायची, तेलाची. इंजिनाच्या पेटीचे डावा-उजवा असे दोन भाग मधोमध जोडलेले होते आणि त्या सांध्यातून तेल पाझरायचं. गॅरेजवाले म्हणायचे, जिथे उभी राहील तिथे सही करून जाते. काट्याने वहीत सलग अकरा दिवस ‘सही केली’ एवढंच लिहिलं, तेव्हा कुठे साहेबांनी पेटीचे भाग वरचा आणि खालचा असे आडवे केले. सांधा तेलाच्या पातळीच्या वर गेला, सही बंद झाली. मग किकचा झटका पोटरीवर बसतो म्हणून बटणाने चालू होणारा स्टार्टर आला. कोरड्या पडणाऱ्या साखळीवर झाकण आलं. बाहेरच्या जगाला ती गाडी मोठ्या साहेबांची वाटायची. आतल्या माणसांना माहीत होतं की तिच्यातले निम्मे बदल काट्याच्या शेऱ्यांतून निघालेत.

गाडी वाढत गेली. साडेतीनशेची चारशेची झाली, त्यासाठी सिलिंडर रुंद केले. काही वर्षांनी साडेचारशेची झाली, तेव्हा दट्ट्यांचा पल्ला लांबवला. आराखडा तोच, मुठी त्याच, फक्त मोठ्या झालेल्या. आणि त्याबरोबर तो उरलेला निम्मा धक्काही मोठा झाला.

साडेचारशेच्या पहिल्याच आठवड्यात काट्याने वहीत लिहिलं, ‘हात बधिर.’

साहेबांनी हँडलच्या टोकांत शिसं भरलं. पुन्हा शेरा आला, ‘हात बधिर.’ त्यांनी जाड रबरी मुठी लावल्या, हँडलखाली रबराच्या चकत्या टाकल्या. ‘थोडं बरं. दोन तासांनी बधिर.’ तेव्हा साहेब स्वतः चाचणी विभागात आले. आता ते अभियंत्यांच्या घोळक्यात फिरत, काट्यापाशी एकटे येणं कमीच झालं होतं.

“काट्या, लोक काय रोज दोनशे चाळीस चालवणार आहेत का? अर्धा तास ऑफिसला, अर्धा तास घरी.”

“नाही चालवणार.”

“मग? का आता वय बोलायला लागलं तुझं?”

सगळे हसले. काटाही हसला. त्यानंतर त्याने तो शेरा कधी लिहिला नाही.

का लिहिला नाही, हे त्याला कोणी विचारलं असतं तर त्याने उडवून लावलं असतं. पण कारणं दोन होती आणि दोन्ही त्याला पक्की ठाऊक होती. एक म्हणजे शरीराची तक्रार करणाऱ्या चालकाला भांडारात बसवायची पद्धत होती. खिळे, नटबोल्ट, वॉशर मोजत दिवस काढायचे, हे त्याला नको होतं. आणि दुसरं, ती थरथर काढायचा उपाय साहेबांना माहीत होता. इंजिनात आणखी दोन छोटे दांडे बसवायचे, वजन लावलेले, मुख्य दांड्याच्या उलट फिरणारे, म्हणजे दट्टे जेवढा धक्का देतात तेवढाच हे दुसऱ्या बाजूने देतात आणि हिशोब मिटतो. दुसऱ्या कारखान्यांनी ते करूनही पाहिलं होतं. पण साहेब त्या दांड्यांना ‘फुकटे प्रवासी’ म्हणायचे. काम काही करायचं नाही, नुसतं बसून फिरायचं. ज्या इंजिनाला ते लागतात ते इंजिनच चुकलं, असं ते भर बैठकीत म्हणून बसले होते. आता त्यांना माघार घ्यायला लावणारा शेरा आपल्या हातून लिहिला जाऊ नये, असं काट्याला वाटे.

थंडीच्या दिवसांत त्याच्या बोटांची टोकं खडूसारखी पांढरी पडू लागली. आधी दोन, मग चार. घरी पोचून कोमट पाण्यात हात धरला की अर्ध्या तासाने रंग परत यायचा आणि मग अशा कळा यायच्या की तो मोरीच्या कडेला दात आवळून उभा राहायचा. काही दिवसांनी कळाही थांबल्या. त्याला वाटलं, सवय झाली.

बायकोच्या नजरेतून हे सुटणं शक्यच नव्हतं. तिचं सगळं आयुष्य बोटांच्या टोकांवर चाललेलं. एका सकाळी तो शर्टाच्या बटणांशी झटत उभा होता. तिने तीनदा त्याच्याकडे पाहिलं, तीनदा मान खाली घातली. चौथ्यांदा उठली आणि मुकाट्याने बटणं लावून दिली.

“कधीपासून?” तिने विचारलं.

“काय कधीपासून? काजं आवळ शिवलीस तू.”

“वीस वर्षं शिवतेय मी काजं. मला शिकवू नका.”

तो संध्याकाळी घरी आला तेव्हा त्याच्या सगळ्या शर्टांची बटणं उसवून तिथे टिचबटणं लावलेली होती. वरून जुनी बटणं नुसती शोभेला शिवलेली, म्हणजे कारखान्यात कोणाला कळायला नको. दोन्ही बाजू एकमेकींवर दाबल्या की काम झालं. या विषयावर दोघांत त्यानंतर बोलणं झालं नाही. तीन वर्षं ती टिचबटणं शिवत राहिली.

मग तो पडला.

टेकडीवरच्या शेवटच्या वळणाला रस्ता ओला होता. त्याने पुढचा ब्रेक हलकेच दाबला, निदान त्याला तरी तसंच वाटलं. बोटांनी किती जोर लावला हे बोटांनाच कळलं नव्हतं. पुढचं चाक जागीच थांबलं आणि गाडी त्याला घेऊन आडवी झाली. गळ्याजवळचं हाड मोडलं, ढोपर सोलवटलं. मागून येणाऱ्या दूधवाल्याने त्याला उचललं. इस्पितळात पलंगावर पडल्या पडल्या त्याने अहवाल सांगितला आणि कारखान्याच्या कारकुनाने लिहून घेतला. ‘ओला रस्ता. चूक चालकाची.’

बायको शेजारीच बसली होती. कारकून गेल्यावर तिने विचारलं,

“चूक तुमची?”

“मग काय रस्त्याची?”

“हे बघा,” ती म्हणाली, “आजवर मी मूग गिळून बसले ते तुमच्या हौसेपायी. तुम्हाला रस्ता हवा होता. पण आज तुम्ही उठून घरी येणार आहात म्हणून मी बोलतेय, नाहीतर मला कोणाशी बोलावं लागलं असतं ते मला माहीत नाही.”

रविवारी सकाळी ती मोठ्या साहेबांच्या घरी गेली. काट्याला तिने सांगितलं नव्हतं. साहेब अंगणात गुलाबांना पाणी घालत होते. तिला पाहून ते गडबडले, आत बोलवू लागले. ती फाटकाशीच उभी राहिली. पिशवीतून तिने एक शर्ट काढला आणि त्यांच्या हातात दिला.

“लावा बघू बटण, भाऊजी.”

कितीतरी वर्षांत तिने त्यांना भाऊजी म्हटलं नव्हतं. साहेबांनी एका हाताने शर्ट उलटसुलट केला. टिचबटण पाहिलं, वरचं खोटं बटण पाहिलं.

“हे काय?”

“हे तीन वर्षं असं आहे. त्यांना बटण धरता येत नाही. माझ्या हाताला हात लावला तरी तो माझा हात आहे का मशीनचं चाक, हे त्यांना बघितल्याशिवाय कळत नाही. ते पडले ते रस्त्यामुळे नाही. आणि ते तुम्हाला कधी सांगणार नाहीत, कारण तुम्ही एकदा हसला होतात.”

साहेबांच्या हातातली झारी तशीच तिरकी राहिली, पाणी चपलेवर पडत राहिलं.

“वहिनी, मला खरंच—”

“माहीत नव्हतं, हेच ना? त्यांनी लिहिलं होतं की. वही बघा.”

ती शर्ट परत न घेताच निघून आली.

मंगळवारी सकाळी साहेब चाचणी विभागात आले, साडेचारशेची एक गाडी मागितली आणि कोणाला काही न सांगता फाटकाबाहेर पडले. वय छप्पन्न, पोट सुटलेलं, गेल्या सात-आठ वर्षांत सलग तासभरसुद्धा गाडी चालवलेली नाही. माणसं खिडक्यांतून बघत राहिली. जेवणाची सुट्टी झाली, चहाची सुट्टी झाली. साडेतीनला ते परत आले. पूर्ण दोनशे चाळीस. गाडी स्टँडवर लावायला दोघांना धावावं लागलं. नियमाप्रमाणे शिपायाने वही पुढे केली. साहेबांनी पेन उचललं, ते बोटांतून निसटलं. पुन्हा उचललं. तिसऱ्यांदा त्यांनी ते मुठीत धरलं आणि लहान मुलासारखी वेडीवाकडी अक्षरं काढली. ‘हात बधिर.’

मग त्यांनी वहीची मागची पानं उलटली. ‘बधिर’ हा शब्द सहा वर्षांपूर्वीच्या पानांवर काट्याच्या अक्षरात तीनदा होता.

संध्याकाळी ते काट्याच्या घरी गेले. तो खांदा बांधून पुढच्या खोलीत बसला होता. साहेब आले तशी बायकोने मशीनवरचे कपडे उचलून त्यांना जागा केली आणि पुन्हा शिलाईला बसली.

“तू हे रोज करत होतास?” साहेबांनी विचारलं. ते अजून बोटं चोळत होते.

“तुम्ही आज केलंत होय?” काट्याला हसू आलं, आणि हसल्यावर हाड दुखलं. “उतरेल उद्या सकाळपर्यंत.”

“तुझं?”

काट्याने खांदे उडवायचा प्रयत्न केला. “डॉक्टर म्हणतात, थरथर पूर्ण बंद केली तर थोडं परत येईल. सगळं नाही.”

साहेब म्हणाले, “मी हसलो होतो, ते मला आठवतसुद्धा नाही बघ.”

“जाऊ द्या.”

“जाऊ द्या कसं? मला आठवायला तरी हवं होतं.”

त्या बोलण्याने कोणाचं समाधान झालं असं नाही. पण दुसऱ्या दिवशी साहेबांनी आराखडा विभागातल्या सगळ्या टेबलांवरचं काम बाजूला सारलं आणि आपल्याच तोंडाने सांगितलं, की दोन फुकटे प्रवासी बसवायचे आहेत.

त्याला चौदा महिने लागले. एक दांडा पुढे, एक मागे, दोन्ही मुख्य दांड्यावरून साखळीने फिरणारे. पहिली साखळी चाचणीच्या बाकड्यावर तुटली आणि तिने पेटीला भोक पाडलं. दुसरी तुटली नाही, पण सैल पडून खडखडायला लागली, म्हणून तिला ताणून धरणारी एक स्प्रिंग द्यावी लागली. गाडीचं वजन सहा किलोंनी वाढलं, वेग तीनने कमी झाला. विक्री विभागाचा प्रमुख कपाळाला हात लावून म्हणाला, की जाहिरातीत मी काय लिहू, जड आणि हळू? साहेब म्हणाले, “लिहा, लांब जाते.”

तोवर काट्याला भांडारात बसवलं होतं, त्याला भीती होती तसंच. नटबोल्ट त्याला हाताने मोजता येत नसत. तो ते ताटलीत पसरून पेनाच्या टोकाने सरकवत मोजायचा. चिडायचा, पण जायचा रोज.

नवी गाडी तयार झाली त्या दिवशी साहेबांनी त्याला बोलावलं. “एकदाच. सरळ पट्ट्यापर्यंत जा आणि ये. तू हो म्हटल्याशिवाय मी हिच्यावर सही करणार नाही.”

“मी काय सांगणार, साहेब? माझ्या हातांना काय कळतंय आता? दगड बांधलेत समजा मनगटांना.”

“तरी जा.”

तो गेला. अगदी सावकाश, पुढचा ब्रेक डोळ्यांनी बघून दाबत. नदीकाठ संपला, वळणं संपली. पट्ट्यावर त्याने वेग वाढवला, साठ, सत्तर, ऐंशी. हात मुके होते. इंजिन थरथरतंय का नाही, त्याला सांगता येईना. तीस वर्षांत पहिल्यांदा तो गाडीवर बसून गाडीबाहेर होता. सवयीने त्याची नजर उजव्या आरशात गेली.

जुन्या गाडीच्या आरशात या वेगाला नुसता हिरवा-करडा राडा दिसायचा. काच एवढी थरथरे की मागे ट्रक आहे का हत्ती, कळायला मार्ग नसे. आता आरशात झाडं दिसत होती. सुटी सुटी. एकेक खोड. खोडांना मारलेले चुन्याचे पट्टे. दूर मागे सायकलवरून येणारी एक बाई, तिच्या कॅरिअरला बांधलेली टोपली.

त्याने गाडी नव्वदवर नेली. बाई मागे पडली, झाडं तशीच राहिली.

परत आल्यावर शिपायाने वही पुढे केली. काट्याने पेन मुठीत धरून नेहमीपेक्षा मोठा शेरा लिहिला. ‘आरशात झाडं मोजता येतात.’ साहेबांनी तो दोनदा वाचला आणि खाली सही केली.

त्या गाडीची पुढे अकरा वर्षं विक्री झाली. चाचणी विभागात दोन नियम आले. एका चालकाने दिवसात दोन तासांपेक्षा जास्त गाडी चालवायची नाही, आणि महिन्यातून एकदा डॉक्टरने प्रत्येकाची बोटं तपासायची. दुसरा नियम काट्याने सुचवला होता. त्याची बदली भांडारातून परत चाचणी विभागात झाली, नव्या चालकांना शिकवायला. तो त्यांना पहिल्या दिवशी एकच सांगे, “कोण हसेल याचा विचार करून शेरा लिहायचा नाही.” त्याच्या उजव्या हाताच्या अंगठ्यात आणि दोन बोटांत जाणीव परत आली. डाव्या हाताला ती आलीच नाही.

दोघं निवृत्त झाल्यावर एका वर्षी जुन्या गाड्यांच्या शौकिनांनी मैदानावर मेळावा भरवला आणि दोघांना बोलावलं. उन्हात ओळीने गाड्या उभ्या होत्या. एका दातांच्या डॉक्टरांनी आपली साडेचारशेची गाडी आरशासारखी चकचकीत करून आणली होती. दांडे बसवण्याआधीची, पहिल्या वर्षीची. मोठे साहेब समोर आहेत म्हटल्यावर त्यांना भरून आलं.

“साहेब, एक सांगू? रागावू नका. तुम्ही नंतर ते वजनाचे दांडे टाकले आणि गाडीतला जीवच गेला. हिची थरथर बघा. तीच तर मजा आहे!”

काट्याने मध्येच विचारलं, “रविवारीच काढता ना हो हिला?”

“रविवारीच. तासभर.”

“मग मजाच आहे,” काटा म्हणाला.

साहेब मात्र तिथून हलले नाहीत. “डॉक्टर,” ते म्हणाले, “ते दांडे मी सहा वर्षं आधी टाकायला हवे होते. तेव्हा मला सुचले नव्हते असं नाही. सुचले होते.”

डॉक्टर नुसते टाकीवरून फडकं फिरवत राहिले. काट्याने साहेबांच्या कोपराखाली आपला उजवा हात घातला आणि त्यांना सावलीतल्या बाकाकडे नेलं. तिथे काट्याची बायको आधीच बसली होती. बाकावर टेकल्या टेकल्या साहेबांनी विषय काढला, की तेलाची गाळणी डाव्या बाजूला द्यायला हवी होती, उजवीकडे ती बदलताना हात भाजतो. काटा म्हणाला, डावीकडे दिली असती तर गिअरच्या पायाला लागली असती. दोघं जोराजोरात वाद घालू लागले, आणि ती पर्समधलं विणकाम काढून विणत बसली.